ड्रॉपडाउनमधून ऑब्जेक्ट बाइंड करताना या चुका टाळा

ब्राउझर सर्व्हरकडे ऑब्जेक्ट पाठवत नाही. निवडलेल्या पर्यायाची व्हॅल्यू तो केवळ स्ट्रिंग म्हणून पाठवतो. त्या स्ट्रिंगवरून ‘विभाग’ या क्लासचा ऑब्जेक्ट कसा मिळवायचा, हे स्प्रिंग किंवा जेएसएफ या जावाच्या वेब फ्रेमवर्कना आपणच सांगावे लागते; फॉर्ममधली व्हॅल्यू अशी ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत भरणे म्हणजे बाइंड करणे. ही पायरी समजून न घेता कुठला तरी कोड चिकटवणाऱ्या नवशिक्यांच्या त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे दुरुस्त करत आलो आहे.

सर्वांत घातक आडवाट म्हणजे कर्मचाऱ्याच्या फॉर्ममधला ड्रॉपडाउन ‘विभाग’ या प्रॉपर्टीला न बांधता विभागाच्या आतल्या आयडीला बांधणे. कन्व्हर्टर, म्हणजे स्ट्रिंगचे ऑब्जेक्टमध्ये रूपांतर करणारा क्लास, लिहिण्याचा त्रास वाचतो आणि पहिल्या चाचणीत सारे सुरळीत दिसते. मी काम केलेल्या एका प्रकल्पात याच कोडमुळे विभागांची नावे टेबलातून एकेक करून नाहीशी होऊ लागली आणि आम्ही दोन दिवस डेटाबेसवरच संशय घेत राहिलो. प्रत्यक्षात फॉर्म सबमिट होताना कर्मचाऱ्याचा नवा ऑब्जेक्ट बनत होता, त्यातला विभाग नल (म्हणजे काहीच न भरलेला) असल्यामुळे स्प्रिंग स्वतःच एक कोरा विभाग तयार करून त्यात आयडी तेवढा भरत होता, आणि कर्मचारी-विभाग नात्यावर मर्जचे कॅस्केड (कर्मचाऱ्याबरोबर त्याचा विभागही जतन करण्याची सूचना) लावलेले असल्यामुळे हायबरनेट, म्हणजे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये जतन करणारी लायब्ररी, त्या कोऱ्या विभागातले नल नाव खऱ्या नोंदीवर लिहीत होती. कर्मचारी हायबरनेटच्या त्याच सेशनमध्ये (डेटाबेसशी एका कामापुरत्या चाललेल्या संवादात) लोड केलेला असता, तर आयडी बदलल्याबद्दल हायबरनेटने निदान एक्सेप्शन तरी फेकले असते.

मी दहा ओळींचा कन्व्हर्टर स्वतः लिहितो: स्ट्रिंग रिकामी असेल तर नल, नाहीतर आयडीवरून शोधलेला विभाग. स्प्रिंग डेटा या लायब्ररीचा तयार कन्व्हर्टर हेच काम करतो, परंतु नवशिक्याने एकदा तरी तो हाताने लिहावा असे माझे ठाम मत आहे. आलेला आयडी त्या वापरकर्त्याला निवडण्याची मुभा आहे का, हेही सर्व्हरवर तपासावे, कारण यादीत नसलेला आयडी कोणीही पाठवू शकतो.

दुसरी चूक विभागाच्या क्लासमध्ये इक्वल्स आणि हॅशकोड, म्हणजे दोन ऑब्जेक्ट समान मानायचे का हे ठरवणाऱ्या मेथड, न लिहिण्याची. जेएसएफ आलेली व्हॅल्यू यादीतल्या पर्यायांशी इक्वल्सने ताडून पाहतो आणि जुळली नाही तर ‘व्हॅल्यू इज नॉट व्हॅलिड’ म्हणतो. यादी रिक्वेस्ट स्कोपमध्ये (म्हणजे एका रिक्वेस्टपुरतीच टिकणारी) असून पुन्हा भरली गेली नसेल, तरीही हाच संदेश येतो. स्प्रिंगमध्ये संदेशही येत नाही. जतन केलेला विभाग निवडलेला न दिसता यादीतला पहिला दिसतो, आणि फक्त फोन नंबर सुधारायला आलेला माणूस नकळत विभाग बदलून जातो. एका सेशनमध्ये हायबरनेट एका नोंदीसाठी एकच ऑब्जेक्ट देतो, त्यामुळे चाचणीत ही चूक लपते. यादी कॅशमधून (आधी साठवून ठेवलेल्या प्रतीतून) येऊ लागली की ती उघडी पडते. इक्वल्समध्ये गेटक्लासने क्लासची तुलना करू नये, कारण हायबरनेटच्या प्रॉक्सीचा (खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी ठेवलेल्या प्रतिनिधीचा) क्लास वेगळा असतो. मी उपक्लासही चालवून घेणारा इन्स्टन्सऑफ वापरतो आणि आयडी थेट फील्डमधून न वाचता गेटर मेथडमधूनच वाचतो.

स्प्रिंगमध्ये व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) फसल्यावर फॉर्म पुन्हा दाखवताना यादी मॉडेलमध्ये, म्हणजे पानाला द्यायच्या माहितीत, परत भरावी लागते. चुकांची नोंद ठेवणारा बाइंडिंगरिझल्ट हा पॅरामीटर मॉडेल ॲट्रिब्यूटच्या, म्हणजे फॉर्ममधून भरल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टच्या, लगेच नंतर असावा. ‘निवडा’ या पर्यायाची व्हॅल्यू रिकामी ठेवावी, शून्य नव्हे.