वॉरंटीतला फ्रिज बंद, दुकानदार म्हणतो ‘मुंबईच्या कोर्टात जा’: नाशिकमध्येच वकिलाशिवाय तक्रार कशी केली

दुकानदार कंपनीकडे पाठवायचा, कंपनी दुकानात. फोन, ईमेल, ग्राहकांसाठीची सरकारी 1915 हेल्पलाइन, कशालाच दाद नाही; डोकं फिरायची वेळ आली होती. बिलावर ‘वाद मुंबईच्या कोर्टात’ असं छापलेलं, त्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 34: आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

आधी दुकान आणि कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस दिली. पोस्टाची पावती आणि पोच जपून ठेवा. मग तारीखवार तक्रार लिहिली; परतावा, नुकसानभरपाई आणि खर्च या मागण्या वेगवेगळ्या. विरुद्ध पक्ष दोघांनाही करा, नाहीतर पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील. बिल, वॉरंटी कार्ड, नोटीस यांना पाननंबर घालून वर यादी लावली, सोबत प्रतिज्ञापत्र जोडलं आणि सगळं ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर चढवलं.

5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत मात्र दाखल करा.

आयोगाची नोटीस जाताच कंपनी तडजोडीला आली. पैसे खात्यात जमा झाल्यावरच मी पुरसीस (वाद मिटल्याचं आयोगाला लेखी निवेदन) दिली. तोंडी शब्दावर तक्रार मागे घेऊ नका.