‘अँटीसोशल’ म्हणजे घुम्या पोट्टा नाही, मग कोण? घरच्यांनी कसं समजून घ्यायचं

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात शेजारच्या गावच्या काकू म्हणाल्या, "आमचा पोट्टा लयच अँटीसोशल हाये बाप्पा, कोनाशी बोलतच नाई." पोरगा २२ वर्षांचा, मांडवामागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकटाच बसलेला. मी गावात आरोग्याचं काम करते आणि हा शब्द असा वापरलेला इतक्यांदा ऐकलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

माणसांत न मिसळणारा तो एकलकोंडा किंवा लाजाळू. डॉक्टर ज्याला अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, मराठीत समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार, त्यात दुसऱ्याच्या हक्काची, पैशाची, जिवाची पर्वाच नसते. असा माणूस बरेचदा बोलायला एकदम गोड असतो, पारावर त्याच्याभोवतीच चार जण बसलेले दिसतील.

ओळखायला बसलात तर आधी वय बघा. १८ वर्षांच्या आत हे निदान करतच नाहीत, पण त्याची मुळं मात्र १५ वर्षांच्या आधी दिसायला हवी, म्हणजे जनावरांना मुद्दाम छळणं, आग लावणं, वारंवार चोऱ्या, मारामाऱ्या, शाळा बुडवणं, घरातून पळून जाणं, याला कंडक्ट डिसऑर्डर म्हणतात. एकदा कोणाच्या बागेतली संत्री तोडली तर ते यात धरू नका, ते तर गावातल्या अर्ध्या पोरांनी केलंय.

मग मोठेपणीचं वागणं बघा. डॉक्टर सात गोष्टी तपासतात आणि त्यातल्या निदान तीन तरी लागतात: परत परत कायदा मोडणं, खोटं बोलून फसवणं, पुढचा विचार न करता काहीही करून बसणं, सतत चिडणं-मारहाण, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाची फिकीर नसणं, कामात आणि पैशात कायम बेजबाबदारपणा, आणि केल्याचा पस्तावा नसणं. ही शेवटची गोष्ट वाचून कळत नाही, बघितल्यावर कळते. आमच्याकडं एकानं शेजाऱ्याचा कापूस गाडीत भरून नेला, चुकारा आणून देतो म्हणाला, सगळा पैसा उडवला, आणि चार दिवसांनी त्याच घरी ओट्यावर बसून चहा मागितला. घरची बाई रडत होती, त्यांच्या पोरीची फी भरायची होती त्या पैशातून, तर हा बशीत चहा ओतत म्हणतो, "तुमी इस्वास ठेवलाच काहून?" त्या माणसाला हा विकार आहे की नाही हे मी ठरवणार नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञाचंच, पण पस्तावा नसणं कसं दिसतं ते मी त्या दिवशी बघितलं.

आता सगळ्यात जास्त गल्लत होते ती दुसऱ्या आजारांशी, इथं घाई करू नका. सालोसाल बरा वागणारा माणूस अचानक काही आठवडे झोपत नाही, पैसे उधळतो, भांडतो, मोठमोठ्या बाता करतो, तर ती बायपोलरमधली, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार उतरतं त्या आजारातली, तेजी असू शकते. कानात आवाज येतात, लोक माझ्यावर करणी करतात असं वाटतं आणि त्या भीतीनं तो मारायला धावतो, तर ते स्किझोफ्रेनियाकडं जातं. खराब वागणं फक्त अशा आजारांच्या काळातच होत असेल तर समाजविघातक विकाराचं निदान करत नाहीत. बाईकवरून पडून डोक्याला मार लागला आणि त्यानंतर स्वभाव पालटला, हेही वेगळं, त्याला मेंदूच्या डॉक्टरकडं न्या. दारूचं जरा अवघड आहे, कारण दोन्ही एकत्र असणं खूप कॉमन आहे, म्हणून विचारायचं की प्यायला लागायच्या आधी तो कसा होता आणि दारू सुटली त्या महिन्यांत कसा वागला. ऑटिझमच्या पोराला समोरच्याच्या मनातलं पटकन कळत नाही म्हणून तो तुटक वाटतो, फसवायचा हेतू त्यात नसतो. सायकोपॅथ हा सिनेमातला लाडका शब्द, तज्ज्ञ त्यासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची, ४० गुणांची यादी वापरतात, आणि समाजविघातक विकाराचं निदान झालेले सगळे काही त्यात बसत नाहीत.

उपाय काय? यावर खास अशी गोळी नाही, पण सोबतची दारू, उदासी, राग यांवर उपचार होतात आणि त्यानं घरात फरक पडतो. चाळिशीनंतर बऱ्याच जणांचा जोरही कमी होतो. खरा फायदा लहानपणीच, कंडक्ट डिसऑर्डर दिसली की पोराला चाबकानं फोडून काढण्याऐवजी आईबापांनी समुपदेशन घ्यावं, नियम थोडे पण रोज तेच ठेवावे.

आणि हात जोडून सांगते, "लगन लावून द्या, बायको आली का येते ताळ्यावर" हे बंद करा. दुसऱ्याच्या लेकीवर औषधाचा प्रयोग करता काय? त्याच्या कर्जाला जामीन राहू नका, सातबाऱ्याचे कागद आणि कोऱ्या कागदावरची सही त्याच्या हातात देऊ नका. मारहाण असेल तर ११२ लावा, बायांसाठी १८१ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आई-बहिणीलाही लागू होतो. त्याला आजार आहे म्हणून तुम्ही मार खात बसायचं, असं कुठंच लिहिलेलं नाही. तो स्वतः डॉक्टरकडं येणार नाही बहुतेक, तरी तुम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला फोन करू शकता, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात.

त्या काकूंना मी डीजे थांबल्यावर एकच विचारलं, लहानपणापासून असाच आहे का? "नाई वं, दिवाळीपासून असा झाला. मित्राइकडं जात नाई, आंघोळीले बी सांगा लागते, रातभर जागाच रायते." म्हणजे चांगला बोलता पोरगा पाच-सहा महिन्यांत बदलला होता. हे डिप्रेशन असू शकतं, स्किझोफ्रेनियाची सुरुवातही असू शकते, दोन्हींवर औषधं आहेत आणि जितकं लवकर तितकं बरं. मी त्यांना सांगितलं की सोमवारी सकाळी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात न्या, आणि दिवाळीपासून काय काय बदललं ते आज रात्रीच एका कागदावर लिहून ठेवा, डॉक्टरांसमोर बसलं की अर्धं आठवत नाही.