स्कॅनर फक्त रूटलाच सापडत होता

लिनक्सवर माझा यूएसबी स्कॅनर स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमला दिसेनाच. जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' आज्ञेच्या यादीत मात्र तो होता, म्हणजे केबल ठीक. मग स्कॅनर शोधणारी 'स्कॅनइमेज -एल' (मोठा एल) ही आज्ञा सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालवली, तर लगेच सापडला. ड्रायव्हरचा दोष नाही, परवानगीचा आहे, हे तिथेच कळलं.

यादीतल्या बस आणि डिव्हाइस क्रमांकावरून '/डेव्ह/बस/यूएसबी'खालची फाइल पाहिली. मालक रूट, गट रूट, मोड (परवानग्यांचा आकडा) ०६६४. इतरांना फक्त वाचता येतं, आणि स्कॅनरला आज्ञा पाठवायला लिहिण्याची परवानगी लागते. परवानग्या बदलणाऱ्या 'चमॉड' आज्ञेने ती दिली, काम झालं. पण केबल काढून लावली की डिव्हाइस क्रमांक बदलतो, फाइल नवी, परवानगी गेली. कायम सुडोने स्कॅन करणं मला पटत नाही, स्कॅन केलेल्या फाइलीही रूटच्या मालकीच्या होतात.

उपकरण जोडल्यावर त्याच्या फाइलीची परवानगी यूडेव्ह ही व्यवस्था ठरवते, म्हणून तिच्या '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी'मध्ये नियम लिहिला: वेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (उत्पादकाचा आणि उत्पादनाचा क्रमांक) जुळले की लॉगिन केलेल्याला परवानगी देणारा 'यूॲक्सेस' टॅग लावायचा. तरी काही होईना! यातच माझी संध्याकाळ गेली. फाइलचं नाव ९९ने सुरू केलं होतं, आणि हा टॅग ७३ क्रमांकाच्या 'सीट-लेट' नियमात वापरला जातो. नियमांच्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून माझा नियम त्यानंतर वाचला जात होता. नाव ६५ने सुरू केलं, नियम पुन्हा वाचले जावेत म्हणून 'यूडेव्हॲडम कंट्रोल --रीलोड' चालवलं, केबल काढून पुन्हा लावली. फाइलच्या परवानग्या दाखवणाऱ्या 'गेटएफएसीएल'मध्ये माझं नाव आलं आणि स्कॅनर सुडोशिवाय चालू झाला.

एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने लॉगिन करून, स्कॅन करणार असाल तर हा टॅग उपयोगी नाही, तो समोर बसून लॉगिन केलेल्यासाठीच असतो. तिथे नियमात 'स्कॅनर' गट द्या आणि स्वतःला त्या गटात घाला.