खुबा आधी बघा, कागद नंतर: मोठी कुत्री पाळताना या चुका टाळा

परवा जुळे सोलापुरातून फोन आला. नऊ महिन्यांचा लॅब्राडॉर, वजन 41 किलो. सकाळी उठताना मागे अवघडतो, पळताना सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम टाकतो. मी काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "पण पेपरवाला आहे ओ!"

पेपर म्हणजे कुळाचा दाखला. आई-बाप, आजे-पणजे कोण ते कळतं. खुबा चांगला असल्याचा तो पुरावा नव्हे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत घट्ट बसायला हवा. तो सैल राहिला की घासतो, वाटी उथळ होत जाते आणि पुढे सांधेदुखी मागे लागते. यालाच हिप डिस्प्लेशिया म्हणतात. लॅब, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर या जातींत तो नेहमी दिसतो. एका जनुकाचा हा खेळ नाही, त्यामुळे चांगल्या खुब्यांच्या जोडीलाही एखादं खराब पिल्लू होतं. तरी शक्यता कमी होते, म्हणून आई आणि बाप दोघांच्या खुब्यांच्या एक्स-रे प्लेटा मागा. विकणारा "डबल बोन आहे साहेब", म्हणजे जाड हाडाचा, म्हणून पंजा दाखवेल. पंजा जाड असल्याने वाटी खोल होत नाही.

आता माझी आवडती चूक, कारण ती मी स्वतः केली आहे. माझी जर्मन शेफर्ड मादी आठ महिन्यांची असताना एक्स-रे काढायला नेली. गुंगीचं इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर माझाच जीव खाली-वर झाला. तिथला मदतनीस म्हणाला, "मालक, आपण धरू की, काय होतंय!" धरली. दोघं घामाघूम, ती ओरडतेय, पाय एक इकडे एक तिकडे. प्लेट आली तर डावा खुबा निम्मा बाहेर! तीन रात्री झोप नाही. मादी आयुष्यभर लंगडणार असं धरून चाललो आणि घरात सगळ्यांवर खेकसत होतो. महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी ती प्लेट उजेडावर धरली आणि हसले. कंबरच तिरकी पडली होती. कंबर एका अंगाला कलली की एक खुबा खोल दिसतो, दुसरा उथळ. पुन्हा गुंगी देऊन, उताणी झोपवून, मागचे पाय सरळ समांतर ओढून, गुडघे आत वळवून प्लेट काढली. दोन्ही खुबे ठीकठाक. तेव्हापासून माझी सवय अशी: प्लेट हातात आली की खुबा नंतर बघतो, आधी कंबरेच्या हाडातली दोन्ही भोकं सारखी दिसतात का ते बघतो. नसतील तर पुन्हा काढा म्हणतो. पैसे गेले तर गेले.

दुसरी चूक वयाची. आठव्या महिन्याची प्लेट चांगली आली म्हणून काही बहाद्दर पहिल्याच माजाला जोडी लावतात. अमेरिकेतली खुब्यांच्या प्लेटा तपासणारी ओएफए संस्था 24 महिने पूर्ण झाल्याशिवाय पक्का दर्जा देत नाही. ब्रिटनच्या पद्धतीत किमान वय एक वर्ष. पेनहिप नावाची वेगळी एक्स-रे तपासणी 16 आठवड्यांपासून होते, पण ती सांध्याची सैलता मोजते. ती वेगळी गोष्ट. ज्यांना तेवढं थांबवत नाही त्यांनी मासे पाळावेत. आणि ब्रिटिश गुण वाचताना जपून: दोन्ही खुबे मिळून 0 ते 106, आणि कमी तेवढं चांगलं. एकाने मला 60 गुण "फर्स्ट क्लास" म्हणून दाखवले होते.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन देऊ नका, पोटात व्रण होतील, मूत्रपिंड जातील. पिल्लाला बाईकमागे पळवू नका. तीन महिन्यांच्या आत जिने चढवू नका. गुळगुळीत टाइल्सवर पाय फाकतात. जुनी सोलापुरी चादर अंथरा, खाली रबरी जाळी घाला, नाहीतर चादरच घसरते.

कॅल्शियमची बाटली मात्र मला बघवत नाही. मोठ्या जातीचं लहान पिल्लू जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवू शकत नाही, गरजेपेक्षा जास्त आत घेतं आणि हाडांची वाढ बिघडते. त्याला मोठ्या जातीच्या पिल्लाचं खाणं द्या, वर काही ओतू नका. आणि गुबगुबीत म्हणजे तब्येत चांगली, हा आपल्याकडचा समज सोडा. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर जन्मभर पाळून बघितले. निम्म्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं. त्यांच्या खुब्यांना सांधेदुखी कमी झाली आणि ते मध्यमानाने 13 वर्षं जगले. पोटभर खाणारे 11.2 वर्षं. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला दिसल्या नाही तरी चालेल. माझी बायको दूध-भाकरीचा काला चोरून घालायची. आता भांडं तराजूवर ठेवूनच भरतो.

जुळे सोलापूरच्या त्या लॅबची प्लेट पुढच्या आठवड्यात आहे, गुंगी देऊनच. तोवर त्याची कॅल्शियमची बाटली बंद केली आहे. मालकांनी विचारलं, "मग संध्याकाळची बिस्किटं?" मी फोन ठेवला.