स्वस्त घेऊ की महाग? डॉग फूड-कॅट फूड घेताना या चुका टाळा

दर रविवारी कोणाचा ना कोणाचा फोन असतोच, "ताई, अडीचशे रुपये किलोवालं घेऊ का साडेचारशेवालं?" मी उलट विचारते, कुत्रा आहे का मांजर, वय काय, वजन किती, आणि पाकीट घरात ठेवणार कुठे. शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा गप्पच होतो. पण इतकी वर्षं नागपूरच्या मानेवाड्यात कुत्री-मांजरं सांभाळून, लोकांची आजारी पिल्लं घरी आणून बरी करून मला एवढं कळलंय की जनावरं स्वस्त फूडनं कमी आणि घरच्या चुकांनी जास्त बिघडतात, आणि चुका दरवेळी त्याच त्या.

आधी ते किलोचा भाव बघणं सोडा. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 630 कॅलरी लागतात. अडीचशेवाल्या फूडमध्ये 100 ग्रॅमला 330 कॅलरी असतील तर रोज 190 ग्रॅम घालावं लागेल, म्हणजे अठ्ठेचाळीस रुपये. साडेचारशेवाल्यात 400 असतील तर 157 ग्रॅममध्ये भागतं, एकाहत्तर रुपये. दुकानात फरक जवळपास दुप्पट वाटला होता, रोजच्या हिशोबात तो दीडपट निघाला. आता हे तेवीस रुपये परवडतात का ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण हिशोब असा करा. आणि वाटीनं मोजू नका, दोन वाट्या कधी सारख्या भरत नाहीत. माझ्याकडे किचनचा छोटा वजनकाटा आहे, सकाळीच दिवसभराचं मोजून डब्यात काढून ठेवते, मग घरात कोणीही घातलं तरी जास्त जात नाही.

आता माझ्या सगळ्यात जवळचा विषय, उन्हाळा आणि मोठी बॅग. काही वर्षांपूर्वी ऑफर होती म्हणून मी माझ्या कुत्रीसाठी, झुमरीसाठी, चांगलं महागातलं पंधरा किलोचं पोतं घेतलं, किलोमागं बरेच पैसे वाचले म्हणून खुश होते. आधीच्या फूडचा प्लॅस्टिकचा ड्रम होता, त्यात थोडा चुरा शिल्लक होता, त्याच्यावरच नवीन ओतलं आणि ड्रम मागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवला. एप्रिलचे शेवटचे दिवस. मे लागला, पारा पंचेचाळीसवर गेला, आणि झुमरी ताटलीपाशी यायची, वास घ्यायची आणि तोंड फिरवून कूलरपुढे जाऊन पडायची. आईसुद्धा म्हणाली, "काहून खाऊन नाही राहिली ही?" मला वाटलं उन्हानं भूक मेली असेल, नाहीतर नखरे करून राहिली. म्हणून मी वरून चिकनचं पाणी घातलं, मग थोडं तूप घातलं, आणि ती बिचारी माझ्या आग्रहाखातर खात गेली. चार दिवसांनी जुलाब, पाचव्या दिवशी उलट्या, सहाव्या दिवशी सलाईन.

डॉक्टरांनी फूड घेऊन या म्हटलं. मी पिशवीत घेऊन गेले, त्यांनी एक दाणा बोटांत चुरडला आणि माझ्या नाकापुढे धरला. खवट! पावसाळ्यात डब्यात राहिलेल्या शेंगदाण्याला येतो ना, तोच वास, फक्त जास्त तीव्र. दाण्यांवर चरबीचा थर असतो, त्याच्यामुळेच जनावर आवडीनं खातं, आणि हवा न् उष्णता लागली की तोच थर आधी खराब होतो, सोबत जीवनसत्त्वंही जातात. घरी येऊन ड्रम रिकामा केला तर तळाला जुन्या चुऱ्याचा चिकट पिवळा थर बसलेला. फूड चांगलंच होतं, मी ते खराब केलं होतं. झुमरी सहा दिवसांपासून मला तेच सांगून राहिली होती आणि मी वरून तूप घालत होते, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून माझा नियम असा की महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट आणायचं, पाकिटातलं ओतायचं नाही, पाकीटच तोंड दुमडून चिमटा लावून स्टीलच्या डब्यात ठेवायचं, तेही घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. डबा रिकामा झाला की घासून पूर्ण कोरडा करायचा. जुन्यावर नवीन कधीच नाही. मोठ्या पोत्यात किलोमागं वाचलेले पैसे मी एका सलाईनमध्ये घालवले.

आणि याच कारणासाठी लूज फूड घेऊ नका. पोतं कापून दुकानाच्या दारात ठेवलेलं असतं, पारदर्शक पिशवीत किलो-अर्धा किलो भरून देतात. ते कधी उघडलं, एक्स्पायरी काय, बॅच नंबर कोणता, पिल्लाचं आहे का मोठ्याचं, काहीच कळत नाही. परवडत नसेल तर स्वस्त ब्रँडचं सीलबंद पाकीट घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही, पण महागड्या ब्रँडचं लूज नको.

दुसरी चूक जिच्यावर मी लोकांशी भांडते, मांजराला डॉग फूड. घरात दोन्ही असतात, कुत्र्याचं पोतं आलेलं असतं, मांजरही आवडीनं खातं, मग वेगळा खर्च कशाला. आमच्याच गल्लीत एक पांढरी मांजर होती, घरातले जीव लावणारे लोक, तिला कुत्र्यासोबत भारीतलं डॉग फूड चालू होतं, वर्षापेक्षा जास्त. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, मांजर आतून आली आणि जागा बदललेल्या स्टुलाला सरळ धडकली. लख्ख उजेडातही तिच्या बाहुल्या मोठ्याच राहिलेल्या. मी त्यांना तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेले. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो ॲसिड अन्नातूनच मिळावं लागतं, कुत्रं ते बहुतेक स्वतः तयार करतं, म्हणून डॉग फूडमध्ये मांजरापुरतं टॉरिन असेलच असं नाही. कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. हृदयाचा हा संबंध 1987 मध्येच अमेरिकेतल्या संशोधनातून समोर आला, त्यानंतर कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं गेलं. वेळेत दिलं तर हृदय बरंचसं सावरतं, गेलेली नजर परत येत नाही. त्या मांजरीची आली नाही. म्हणून सांगते, मांजरासाठी सगळ्यात महागड्या डॉग फूडपेक्षा साधं स्वस्तातलं कॅट फूड कधीही चांगलं.

ब्रँडच्या नावावर भाळू नका. पेडिग्री, व्हिस्कास आणि रॉयल कॅनिन, तिन्ही मार्स या एकाच कंपनीचे. पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मी पहिल्यांदा 'कंप्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे रोजचं पूर्ण जेवण, असं लिहिलंय का आणि कोणत्या वयासाठी ते बघते. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असेल तर ते वरून घालायचं, जेवण म्हणून नाही, हे न बघता कितीतरी लोक मांजराला नुसत्या ट्रीटवर ठेवतात. मग प्रोटीन. अमेरिकेत पशुखाद्याची मापं ठरवणाऱ्या एएएफसीओ या संस्थेच्या मापानं, पाणी वगळून, मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के, पिल्लाला 22.5, मोठ्या मांजराला 26 आणि पिल्लाला 30 लागतं. "पाणी वगळून" हे विसरून लोक ग्रेव्हीच्या पाऊचवर 8 टक्के वाचतात आणि फसवलं म्हणतात. पाऊचमध्ये 80 टक्के पाणी असेल तर ते 8 टक्के उरलेल्या 20 मधले आहेत, म्हणजे 40 टक्के झाले. आणि घटकांच्या यादीत ताजं चिकन पहिलं आहे म्हणून हुरळू नका, यादी वजनानं लावतात आणि ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. 'बाय-प्रॉडक्ट' शब्दाला घाबरायचंही कारण नाही, त्यात कलेजी-दिलही येतं, जे मांजर आनंदानं खातं.

ग्रेन-फ्रीच्या, म्हणजे धान्य नसलेल्या फूडच्या, मागे रील बघून धावू नका. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, अशा फूडचा, विशेषतः ज्यात वाटाणा-मसूर जास्त असतो त्याचा, कुत्र्यांच्या हृदयरोगाशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. कारण पक्कं ठरलेलं नाही, पण तुमच्या कुत्र्याला धान्याचा त्रास नसेल तर जास्तीचे पैसे कशाला?

फूड एका दिवसात बदलायचं नाही. आठ दिवस लावा, पहिले दोन दिवस पावभाग नवीन, मग अर्धं, मग पाऊण. घाई करणाऱ्यांना जुलाब झाले की ते नव्या फूडला दोष देतात आणि तिसरं आणतात. केसांवर चमक यायला दीड-दोन महिने लागतात, आठ दिवसांत फोटो काढून तुलना करणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडलंय.

मोठ्या जातीच्या पिल्लाला कंप्लीट पपी फूडच्या वर कॅल्शियमचं टॉनिक देऊ नका, जास्तीच्या कॅल्शियमनं हाडं बिघडतात.

सावजीच्या रश्श्यात भिजवलेली पोळी तर नकोच, कांदा-लसणानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली हाडंही नको.

बोका फक्त कोरड्या दाण्यांवर असेल तर उन्हाळ्यात पाण्याची भांडी घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, जमेल तेव्हा ओलं फूड द्या. आणि तो वारंवार ट्रेमध्ये बसतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. एक-दोन दिवसांत जीव जातो.

उलट्या-जुलाब दोन वेळांपेक्षा जास्त झाले तर ब्रँड बदलत बसू नका. आपल्याकडे सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजचा दवाखाना आहे, नाहीतर जवळचे डॉक्टर गाठा. जाताना मूठभर फूड पिशवीत घ्या, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा बॅच नंबर दिसेल असा फोटो काढून न्या.