गोल्डन रॉडची लागवड

गोल्डन रॉड हे शेवंतीच्याच कुळातले बहुवर्षायू झाड असून जातीनुसार ते 2 ते 5 फुटांपर्यंत वाढते, म्हणून त्याला वाफ्यात मागच्या बाजूला, पण दिवसाचे किमान 6 तास ऊन मिळेल अशीच जागा द्यावी. जमीन फार कसदार नसली तरी चालते. मात्र पाणी साचून राहता कामा नये.

बियांपेक्षा जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेल्या मुनव्यांपासून लागवड करणे सोपे. मुनवा उपटला की त्याला पांढरी मुळे आणि जमिनीलगत गुलाबीसर कोंब दिसले पाहिजेत. नुसती काडी लावून उपयोग नाही. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे आणि मुळे धरेपर्यंत नियमित पाणी द्यावे.

खत जपून घालावे. नत्र जास्त झाले की दांडे उंच पण लुसलुशीत होतात आणि फुलोऱ्याच्या भाराने पहिल्याच वाऱ्यात आडवे पडतात, मग कितीही काठ्या बांधल्या तरी झाड सावरत नाही.

फुले वाळू लागताच, बी उडण्यापूर्वी, दांडे बुडापासून छाटावेत. हे झाड जमिनीखालून पसरते, त्यामुळे दर 3-4 वर्षांनी ठोंब खणून, मधला जून भाग टाकून, कडेचे ताजे तुकडे पुन्हा लावावेत.

याच्या परागकणांनी शिंका येतात हा समज मात्र चुकीचा आहे, कारण ते जड व चिकट असल्याने वाऱ्याने नव्हे, तर मधमाश्यांसारख्या कीटकांमार्फत पसरतात.