‘टेक’ म्हणजे नुसतं ‘घेणे’ नव्हे: या चुका टाळा

परीक्षेपासून सुरू करते, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते. नागपुरात सीताबर्डीवरच्या माझ्या छोट्या वर्गात उमरेडहून एक मुलगी यायची. तिला अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. सराव करताना ती म्हणाली, ‘आय गेव्ह माय फायनल एक्झाम इन मे.’ आपल्या कानाला यात काहीच खटकत नाही. आपण परीक्षा देतो, मास्तर घेतात. इंग्रजीत मात्र नेमकं उलटं आहे. परीक्षा ‘टेक’ करतो तो विद्यार्थी, आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. कॉलवर ती तसंच बोलली असती, तर हिने कोणाची तरी परीक्षा घेतली, असा समज झाला असता. ‘आय टुक माय फायनल एक्झाम इन मे’ हे बरोबर. भारतात ‘गेव्ह द एक्झाम’ सगळ्यांना समजतं, त्यामुळे इथे कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं मुरत जाते.

क्लासचंही तसंच. ‘मी क्लास घेते’ याचं ‘आय टेक क्लासेस’ केलंत, तर अमेरिकन माणसाला वाटेल तुम्ही शिकायला जाता. शिकवत असाल तर सरळ ‘आय टीच’ म्हणा.

चुकीचं मूळ एकच. पाचवीत आपण ‘टेक म्हणजे घेणे’ असं घोकलं आणि तिथेच थांबलो. मराठीत या एका शब्दाच्या जागी लागणे, काढणे, नेणे, धरणे, समजणे अशी कितीतरी क्रियापदं येतात. त्यातलं ‘लागणे’ मी वर्गात पूर्ण दोन तास शिकवते.

मेट्रोचं उदाहरण घ्या. सीताबर्डी इंटरचेंजला ॲक्वा लाइनवरून ऑरेंज लाइनवर बदलून खापरीकडे जायचं आहे आणि किती वेळ लागेल हे विचारायचं आहे. दहातली सात मुलं ‘हाऊ मच टाइम इट टेक्स?’ विचारतात. हवं ‘हाऊ लाँग डझ इट टेक?’ उत्तर देताना दुसरी चूक होते: ‘इट टुक टू मी वन अवर.’ मराठीतल्या ‘मला’मुळे तो ‘टू’ आत शिरतो. तो काढून टाका: ‘इट टुक मी ॲन अवर.’

आता गंमत बघा. चहात साखर किती लागते? ‘हाऊ मच शुगर डू यू टेक?’ या रिमोटला दोन सेल लागतात: ‘इट टेक्स टू बॅटरीज.’ कपाट हलवायला चार माणसं लागतात: ‘इट टेक्स फोर पीपल.’ खरं बोलायला हिंमत लागते: ‘इट टेक्स करेज.’ प्रत्येक ठिकाणी मराठीत ‘लागणे’, इंग्रजीत ‘टेक’. ज्याच्या तोंडात ‘लागणे’ इतकं सहज बसलं आहे, त्याने ‘टेक’च्या अर्थांची लांबलचक यादी बघून घाबरायचं कारण नाही. एकाच क्रियापदावर दहा कामं सोपवायची सवय आपल्या भाषेला आधीपासूनच आहे.

पण सगळ्याच ‘लागणे’ला हे चालत नाही. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात ऊन लागतं. यातल्या कशालाही ‘टेक’ येत नाही. ‘आय ॲम हंग्री’, ‘द रिझल्ट इज आउट’, ‘आय गॉट हीटस्ट्रोक’. ओळखायची खूण अशी: एखादी गोष्ट व्हायला काहीतरी खर्ची पडत असेल, म्हणजे वेळ, माणसं, सेल, धीर, तर ‘टेक’. आपल्या अंगावर काही येत असेल, तर दुसरा शब्द शोधा.

‘काढणे’ त्या मानाने सोपं. फोटो काढतात तो ‘टेक अ फोटो’. ‘टेक आउट’ म्हणालात, तर अल्बममधला किंवा पिशवीतला फोटो बाहेर काढा, असा अर्थ होतो.

‘गोळी खाल्ली’ असं आपण म्हणतो, म्हणून ‘आय एट अ टॅब्लेट’ तोंडी येतं. औषध इंग्रजीत नेहमी ‘टेक’. नाश्ता, जेवण मात्र ‘हॅव’. ‘आय टुक ब्रेकफास्ट’ कोणी चूक ठरवणार नाही, पण आज ते जुनाट वाटतं.

ऑफिसात गोंधळ होतो तो नेण्या-आणण्याचा. ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’, दोन्हींत ‘घेऊन’ आहे, म्हणून दोन्हीकडे ‘टेक’ वापरला जातो. वर्ध्याच्या माणसाने कागद तुमच्या टेबलाशी आणावेत असं हवं असेल, तर ‘ब्रिंग द पेपर्स’. तुमच्याकडचे कागद दुसरीकडे पोचवायचे असतील, तर ‘टेक’. बोलणाऱ्याकडे येतं ते ‘ब्रिंग’, त्याच्यापासून दूर जातं ते ‘टेक’.

‘टेन्शन घेऊ नको’चं ‘डोन्ट टेक टेन्शन’ करू नका. ‘डोन्ट वरी’ म्हणा. ‘टेक अ डिसिजन’ मात्र ब्रिटिश इंग्रजीत चालतं. अमेरिकन ‘मेक’ म्हणतात. त्यावरून कोणी तुमचे गुण कापले, तर वाद घालायला हरकत नाही.

‘टेक युअर टाइम’ कोणी म्हणालं, तर ती तक्रार समजू नका. सावकाश करा, घाई नाही, एवढंच त्यात असतं.

राहिले मागे चिकटणारे छोटे शब्द. ‘टेक ऑफ’ म्हणजे विमान उडणं, अंगावरचं उतरवणं, सुट्टी घेणं. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापावर जाणं. ‘टेक ओव्हर’ म्हणजे कारभार हातात घेणं. ‘टेकन इन’ म्हणजे फसला गेलेला. अर्थ पाठ होतात, चूक होते ती जागेची. उन्हाळ्यात मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळून वर्गात येतात. दारातच मी विचारते, इंग्रजीत सांग, आता काय करणार? ‘आय विल टेक ऑफ माय स्कार्फ’ चालतं, ‘टेक माय स्कार्फ ऑफ’ही चालतं. पण स्कार्फच्या जागी ‘इट’ आला, की तो मध्येच बसतो: ‘टेक इट ऑफ.’ ‘टेक ऑफ इट’ कधीच नाही. यावर अपवादही आहे: ‘टेक आफ्टर’मध्ये शब्द फुटत नाहीत, ‘शी टेक्स आफ्टर हर’ असंच म्हणायचं.

एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. ‘टेक’ हा शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या ‘टाका’ या शब्दावरून तो आला आणि त्याने जुन्या इंग्रजीतल्या ‘निमान’ला हळूहळू हुसकावून लावलं. ‘निमान’चा नातलग जर्मनमध्ये ‘नेमेन’ म्हणून अजून नांदतो आहे. इंग्रजीत त्याची खूण ‘नम’ या शब्दात उरली आहे, म्हणजे बधिर, ज्याची संवेदनाच घेतली गेली आहे असा.

वही करायची असेल, तर इंग्रजी अर्थांची यादी उतरवू नका. डाव्या बाजूला मराठी क्रियापद लिहा, उजवीकडे त्या दिवशी कानावर पडलेलं आख्खं वाक्य. कामठीहून येणाऱ्या एका मुलाने महिनाभर असं केलं. ‘घेणे’खाली अकरा वाक्यं झाली होती, ‘लागणे’खाली सव्वीस. परवा तो उशिरा आला, आणि दारातूनच म्हणाला, ‘सॉरी मॅडम, द बस टुक फॉरएव्हर.’